फारोस: दीपगृहाने झाकलेले बेट

अलेक्झांड्रियाचे जगप्रसिद्ध दीपगृह क्लिओपात्राने बांधले, असे अनेकांना वाटते. ही चूक आजकालची नाही. चौथ्या शतकातल्या अमिआनस मार्सेलिनस या रोमन इतिहासकाराने ती गंभीरपणे लिहून ठेवली आहे. वर फारोस बेट आणि किनारा जोडणारा बांधही राणीने सात दिवसांत घातला, अशी पुस्ती जोडली आहे. वास्तविक क्लिओपात्रा गादीवर आली तेव्हा ते दीपगृह दोनशे वर्षांहून जुने झाले होते.

अलेक्झांडरलाही त्याचे श्रेय देता येत नाही. इ.स.पू. 331 मध्ये त्याने फारोस या चिंचोळ्या खडकाळ बेटासमोर शहर आखले आणि तो पूर्वेच्या मोहिमेवर निघून गेला. परत आला तो त्याचा मृतदेह. त्या बेटावर दीपगृह उभारले ते त्याच्यानंतर इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी घराण्याने. दुसऱ्या टॉलेमीच्या कारकिर्दीत, इ.स.पू. 280 च्या सुमारास ते पुरे झाले. रोमन लेखक प्लिनीने त्याचा खर्च 800 टॅलेंट, म्हणजे कित्येक टन चांदी, असा नोंदवला आहे.

बेटाचे नाव मात्र या सगळ्याच्या कितीतरी आधीचे. होमरच्या ओडिसीत ट्रॉयहून परतणारा मेनेलाउस याच फारोसवर अडकून पडतो. तिथे हे बेट इजिप्तपासून दिवसभराच्या जलप्रवासाइतके लांब असल्याचे म्हटले आहे. प्रत्यक्षात ते किनाऱ्यापासून जेमतेम सव्वा किलोमीटरवर होते. मग होमर चुकला कसा? प्राचीन पंडितांनी त्याची बाजू सावरून घेतली: नाईलच्या गाळाने किनारा पुढे सरकला आणि बेट जवळ आले! हे स्पष्टीकरण अजूनही कुठे कुठे वाचायला मिळते. पण फारोस हा किनाऱ्याला समांतर गेलेल्या चुनखडकाच्या कण्याचा तुकडा आहे. नाईलचे सर्वांत पश्चिमेकडचे मुख तिथून पूर्वेला होते आणि त्या किनाऱ्यावरचा प्रवाह गाळ आणखी पूर्वेकडेच वाहून नेतो. तेव्हा या महाकवीचा भूगोल कच्चा होता, असे मानण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी कल्पना चित्रांमुळे रुजली आहे: चहूकडे फेसाळता समुद्र, मधोमध ओसाड खडक, त्यावर एकटा मनोरा. खरे फारोस चांगले नांदते होते. इ.स.पू. 48 मध्ये अलेक्झांड्रियात लढाईत गुंतलेल्या जूलियस सीझरने या बेटावर शहराएवढे मोठे गाव असल्याचे लिहिले आहे. त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. निष्काळजीपणामुळे किंवा वादळामुळे वाट चुकून इथे आलेली जहाजे हे बेटकरी चाच्यांसारखी लुटत असत. म्हणजे वर खलाशांच्या सुखरूपतेसाठी पेटलेली आग आणि खाली त्यांच्याच मालावर डोळा ठेवून बसलेली वस्ती! पुढे सीझरनेच युद्धात हे बेट उजाड केले. काही वर्षांनी आलेल्या स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराला तिथे थोडेसे दर्यावर्दीच राहताना दिसले. पण बेटावरची वर्दळ काही संपली नाही. हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर इथेच झाले, अशी ज्यूंची परंपरा होती. त्या स्मरणार्थ दरवर्षी ज्यू आणि इतर लोकही समुद्र ओलांडून बेटावर येत, प्रार्थना करत आणि किनाऱ्यावर मेजवान्या झोडत, असे अलेक्झांड्रियाच्या फायलो या ज्यू तत्त्वज्ञाने पहिल्या शतकात लिहिले आहे.

आता आरशाकडे वळू. दीपगृहाच्या माथ्यावर प्रचंड आरसा होता, त्यात थेट कॉन्स्टँटिनोपल दिसे आणि त्याच्या झोतात शत्रूची जहाजे जळून खाक होत, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. एकाही ग्रीक वा रोमन लेखकाने असा आरसा सांगितलेला नाही. ती कथा मध्ययुगीन अरबी ग्रंथांतून पसरली. कॉन्स्टँटिनोपल तिथून हजार किलोमीटरहून दूर. पृथ्वीच्या गोलाईपुढे कुठल्याही आरशाचे काही चालत नाही. साधारण 100 मीटर उंचीवरचा उजेड समुद्रसपाटीवरून 35-40 किलोमीटरवर दिसू शकतो. डोलकाठीवर चढलेल्या खलाशाला पन्नासेक किलोमीटरवरून. ज्यू इतिहासकार जोसेफसने सांगितलेले 300 स्टेडियम, म्हणजे अंदाजे 55 किलोमीटर, हे अंतर थोडे सैल पण पटण्याजोगे आहे. त्यासाठी मोठी आग पुरेशी होती. प्लिनीला तर उलटीच काळजी होती: अखंड जळणारी ती आग दुरून तारा समजली जाण्याचा धोका आहे, असे त्याने बजावले आहे.

वास्तुविशारद म्हणून क्निडसच्या सोस्ट्रॅटसचे नाव सगळीकडे छापले जाते. त्यासोबत एक चटकदार किस्साही येतो: त्याने आपले नाव दगडात कोरले, त्यावर गिलावा देऊन राजाचे नाव लिहिले आणि कालांतराने गिलावा गळून पडला. हा किस्सा सांगणारा लुसियन बांधकामानंतर चारेकशे वर्षांनी झाला आणि तो पेशाने उपहासकार होता. पोसिडिप्पस हा टॉलेमींच्याच काळातला कवी. तो दीपगृहाशी सोस्ट्रॅटसचे नाव उघडपणे जोडतो. त्यात लपवाछपवी नाही. डेलोस आणि डेल्फीच्या शिलालेखांत हा सोस्ट्रॅटस टॉलेमींच्या दरबारातला वजनदार मुत्सद्दी म्हणून भेटतो, आणि स्ट्रॅबोही त्याला 'राजांचा मित्र' म्हणतो. त्यामुळे तो आराखडा काढणारा असण्यापेक्षा दीपगृह अर्पण करणारा धनिक असणे अधिक संभवते.

कोकणच्या वाचकाला इथे एक प्रश्न पडेल. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत आहेत. पैठण आणि तेरचा माल भडोचमार्गे पश्चिमेला जाई, हेही त्यात आहे. मग भारताहून येणारी गलबते फारोसचा उजेड पाहत येत होती का? नाही. ती तांबड्या समुद्रातल्या बंदरांत थांबत. माल उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलवर येई आणि कालव्यांतून शहराच्या दक्षिणेकडच्या मारिओटिस सरोवराच्या धक्क्यावर उतरे. स्ट्रॅबोच्या मते हे सरोवरातले बंदर समुद्रावरच्या बंदरापेक्षाही अधिक श्रीमंत होते. भारतातला माल फारोसच्या उजेडाखालून जाई तो पुढे रोमकडे निघाल्यावर.

दीपगृह एका भूकंपात समुद्रात कोसळले, हा समजही चुकीचा. भूकंपांनी ते अनेकदा हादरले, दर वेळी डागडुजी झाली. नवव्या शतकात इजिप्तचा शासक इब्न तुलून याने माथ्यावर लाकडी घुमट बसवला. 1166 मध्ये आलेल्या अल-बलावी या अंदालुसी प्रवाशाने दोरीला दगड बांधून मजल्यांची मापे घेतली. त्या वेळी वर मशीद होती. या मापांमुळे दीपगृहाच्या उंचीचे अंदाज बांधता येतात. 8 ऑगस्ट 1303 च्या क्रीटजवळच्या महाभूकंपाने मोठे नुकसान केले, पण मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1326 मध्ये तिथे पोचला तेव्हा एक बाजू ढासळली असूनही आत शिरता येत होते. दरवाजा जमिनीपासून उंच होता आणि समोरच्या इमारतीवरून फळ्या टाकून तिथे जावे लागे. 1349 मध्ये तो पुन्हा आला, तेव्हा दरवाजापर्यंत पोचणेही अशक्य झाले होते. 1477 ते 1479 या काळात मामलुक सुलतान कैतबेने त्याच जागी किल्ला बांधला.

बेटही बुडालेले नाही. जुन्या बांधाच्या दोन्ही बाजूंना वाळू आणि गाळ साठत गेला, त्याची रुंद जमीन झाली आणि फारोस शहरात मिसळून गेले. आज तिथे अनफूशी आणि रास अल-तीन हे गजबजलेले मोहल्ले आहेत. रास अल-तीनच्या राजवाड्यातूनच इजिप्तचा राजा फारूक 26 जुलै 1952 रोजी 'महरूसा' नौकेवर चढून देशाबाहेर गेला.

समुद्रात आहेत ते अवशेष. कमाल अबुल-सादात या इजिप्शियन पाणबुड्याने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ते उजेडात आणले, 1968 मध्ये पाण्याखालच्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक ऑनर फ्रॉस्ट यांनी युनेस्कोसाठी पाहणी केली. 1990 च्या दशकात कैतबे किल्ल्याला लाटांपासून वाचवण्यासाठी नेमके त्याच जागी काँक्रीटचे ठोकळे टाकले गेले. त्यावर ओरड झाल्यावर 1994 मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाँ-इव्ह आंपरर यांच्या पथकाने पद्धतशीर शोध सुरू केला. सहा ते आठ मीटर पाण्याखाली हजारो दगड सापडले. पण ते सगळे दीपगृहाचे नाहीत. त्यांत स्फिंक्स आहेत, हेलिओपोलिस या प्राचीन इजिप्शियन नगरातून आणलेल्या, टॉलेमींच्या हजार वर्षे आधीच्या फॅरोंच्या नावाच्या शिळाही आहेत. 2025 मध्ये दीपगृहाच्या भव्य दाराच्या चौकटीचे भाग मानले जाणारे दगड धरून 22 मोठ्या शिळा बाहेर काढल्या गेल्या. काहींचे वजन 70 ते 80 टन भरले. त्यांचे स्कॅनिंग करून कोणता दगड कुठे बसत होता, ते आता संगणकावर जुळवले जात आहे.