अब्बांच्या कॅप्सूल

मुलांनो, मेंदूतील कर्करोगाच्या गाठीवर परळच्या टाटा रुग्णालयात उपचार होतात. ते १९४१ साली सुरू झाले. दिव्याला गाडीत शिरणे धडधाकट माणसालाही जड जाते. पण दिव्यांगांच्या राखीव डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येते. त्यावर खेकड्याची खूण असते.

केमोथेरपी म्हणजे गाठीच्या पेशी मारणारे औषध. या आजारात बहुधा टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल घरीच घ्यायच्या असतात. नेहमीचा क्रम ५ दिवस औषध, २३ दिवस विश्रांती. कॅप्सूल फोडू नका. अख्खी गिळायची असते. अब्बा विसरत असतील तर तारखा तुम्ही वहीत लिहा. ते चिडले तर मनाला लावून घेऊ नका, गाठीमुळेही स्वभाव बदलतो. औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून ताप आला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.