गारगोटी स्फटिक, फुलदाणी नव्हे

विष्णुपुरीला गोदावरीच्या काठी फिरताना पायाखाली गारगोट्या येतात. मुले त्या एकमेकींवर आपटून ठिणगी पडते का पाहतात आणि फेकून देतात. नांदेड भागातल्या शाळांची सहल हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात गेली, की तेथे चित्रे आणि पुतळ्यांच्या जोडीला युरोपातील काचेची भांडी पाहायला मिळतात. पैलू पाडलेल्या, लखलखणाऱ्या फुलदाणीकडे बोट दाखवून आपण म्हणतो, ‘हे क्रिस्टल, म्हणजे स्फटिक.’ येथे विज्ञानाच्या शिक्षकाने थोडे थांबायला हवे. स्फटिक आहे ती नदीकाठची गारगोटी, फुलदाणी नव्हे.

असे का? दोन्हींतला मुख्य पदार्थ एकच, सिलिका. फरक आहे तो मांडणीचा. गारगोटीत सिलिकॉन व ऑक्सिजनचे अणू ठरावीक नमुन्यात पुन्हा पुन्हा रचलेले असतात, प्रार्थनेला रांगेत उभ्या असलेल्या मुलांसारखे. काच करताना वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवतात. हा रस निवताना दाट होत जातो आणि अणू रांगेत लागण्याआधीच घट्ट होतो. ‘स्टॅच्यू!’ म्हणताच खेळणारी मुले असतील तेथे थबकतात, तसेच हे. शेजाऱ्याशी बंध पक्के, पण दूरवरची शिस्त नाही. म्हणून काच हा अस्फटिकी स्थायू होय.

मग क्रिस्टल हे नाव आले कोठून? पंधराव्या शतकात व्हेनिसच्या कारागिरांनी जवळजवळ रंगहीन काच तयार केली. ती नितळ गारगोटीसारखी दिसे, म्हणून तिला स्फटिकाचेच नाव मिळाले. १६७४ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी नव्या काचेचे पेटंट घेतले. पुढे त्यांनी तिच्यात शिशाचा ऑक्साइड मिसळला. रशियात तर एका गावाच्या नावातच हा शब्द आहे. गुस नदीकाठी १७५६ साली अकिम माल्त्सोव यांनी काचेचा कारखाना काढला. ते गाव आज गुस-ख्रुस्ताल्नी म्हणून ओळखले जाते. ‘ख्रुस्ताल’ म्हणजे क्रिस्टल. तेथील जुन्या चर्चमध्ये आता काचेचे संग्रहालय आहे. रंगीत फुलदाण्या, चित्रकार वास्नेत्सोव यांचे भव्य चित्र आणि मोझेक अशा तीन कला तेथे एकाच छताखाली दिसतात. मोझेकचे रंगीत तुकडेही काचेचेच!

शिशामुळे काय होते? काचेचा अपवर्तनांक वाढतो. प्रकाश जास्त वळतो, पृष्ठभागावरून जास्त परावर्तित होतो आणि त्याचे रंगही अधिक विलग होतात. शिवाय ही काच मऊ असल्याने तिच्यावर पैलू पाडणे सोपे जाते. प्रत्येक पैलू लहानशा लोलकाचे काम करतो. हीच त्या लखलखाटाची युक्ती.

याच शिशाची दुसरी बाजूही वर्गात सांगायला हवी. आंबट पदार्थ अशा भांड्यात बराच वेळ राहिले, तर शिसे हळूहळू त्यांत उतरते. शिसे मुलांच्या मेंदूला अपायकारक आहे. म्हणून घरी भेट आलेल्या ‘लेड क्रिस्टल’च्या भांड्यात लोणचे, लिंबाचे सरबत साठवू नये. फुलदाणी फुलांसाठीच ठेवावी.

आता एक प्रयोग. काचेची लहानशी भरीव वस्तू तराजूवर तोला. मग ती मोजपात्रातील पाण्यात अलगद बुडवा आणि पाण्याची पातळी किती घनसेंमी वाढली ते पाहा. ग्रॅममधील वस्तुमानाला या आकड्याने भागा. साध्या काचेची घनता सुमारे २.५ येते. युरोपीय नियमांनुसार ‘लेड क्रिस्टल’ म्हणवणाऱ्या काचेत शिशाचा ऑक्साइड किमान २४ टक्के आणि घनता किमान २.९ लागते. गारगोटीचीही घनता काढा. ती सुमारे २.६५ भरेल. म्हणजे साध्या काचेपेक्षा थोडी जास्तच. सिलिकाचे अणू रांगेत लागले, की त्यांना जागा कमी पुरते का? हा प्रश्न मुलांनाच विचारा.