अद्भुतकथेचे आकर्षण : पात्र की कथानक?

अद्भुत चित्रकथेने मुलांचे मन पूर्वीही वेधले होते आणि आजही वेधले आहे. पूर्वी ती मासिकाच्या पानांवर येत असे. आज वेबकॉमिकच्या रूपाने ती मोबाईलच्या पडद्यावर भागाभागाने उलगडते. सुट्टी संपवून वसतिगृहात परतलेली मुले अशा कथांतील नायकांविषयी किती आत्मीयतेने बोलतात, हे आम्ही नित्य ऐकतो. म्हणूनच वाचकाला कथेकडे ओढते ते पात्र की कथानक, हा प्रश्न आम्हा शिक्षकांना महत्त्वाचा वाटतो.

आमच्या पिढीचा अनुभव ‘चांदोबा’चा. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या या मासिकात विक्रम-वेताळाची कथा ठरलेली असे. मूळ वेताळकथा पंचवीसच. ‘चांदोबा’ने ती संख्या कितीतरी मागे टाकली. वेताळ दर महिन्याला नवी गोष्ट सांगे, कोडे घाली, आणि राजाचे मौन सुटताच प्रेतासह पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळे. शेवट सर्वांना ठाऊक होता, तरीही अंक हाती पडताच ते पान प्रथम उघडले जाई. कोड्याचे कुतूहल होतेच. परंतु खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेऊन स्मशानातून चालणारा तो हट्टी राजा आपलासा झाला होता. त्यातील कितीतरी गोष्टी आज विस्मरणात गेल्या. विक्रम मात्र स्मरणात आहे.

याहून प्राचीन दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. अजिंठ्याच्या १० व्या आणि १७ व्या लेण्यांत छद्दन्त जातकाची कथा चितारलेली आहे. पूर्वजन्मीच्या रोषामुळे काशीची राणी सहा सुळ्यांच्या गजराजाचे सुळे आणण्यास व्याधाला पाठवते. विषारी बाण लागूनही गजराज व्याधाला जीवदान देतो. इतकेच नव्हे, तर व्याधाला सुळे कापता येईनात तेव्हा करवत स्वतःच्या सोंडेत धरून ते कापून देतो. पुढे ते सुळे पाहून राणीचे हृदय विदीर्ण होते. भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या उपासकांपैकी अनेकांना ही कथा आधीच ठाऊक असणार. ‘पुढे काय होणार’ ही उत्कंठा उरली नसतानाही त्यांना खिळवून ठेवणारे काही त्या चित्रांत होते. ते म्हणजे गजराजाचे शील.

पालि जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. त्यांत बोधिसत्त्व कधी मृग, कधी वानर, कधी लावा पक्षी होतो. प्रसंग बदलतात, देह बदलतात. आणि कथेच्या शेवटी ‘समोधान’ येते, म्हणजे त्या वेळचा अमुक तो आजचा अमुक, अशी ओळख पटवली जाते. पात्राचा धागा अनेक कथानकांतून अखंड राहतो.

मग कथानक गौण मानावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. बाण लागला नसता, तर गजराजाची करुणा कळली असती कशी? कथानक ही पात्राची कसोटी होय. उत्कंठेने वाचक पहिल्या भागाकडे येतो; पात्राच्या ओढीने तो दहाव्या भागापर्यंत टिकतो.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातील अनेक आईवडिलांना ऊसतोडीच्या हंगामात महिनोन्‌महिने दूर राहावे लागते. अशा काळात वसतिगृहातील मुलाला गोष्टीतले पात्र सोबती वाटते, आणि सोबत्याचे वागणे नकळत अंगी उतरते. त्यामुळे सुज्ञ पालकांना आमची विनंती आहे, की मुलाच्या हातातील कथा हिसकावून घेण्यापूर्वी त्याच्याजवळ क्षणभर बसावे. ‘पुढे काय झाले?’ हे तर विचारावेच; त्यासोबत ‘त्याच्या जागी तू असतास, तर काय केले असतेस?’ हेही विचारावे. आणि ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी ‘चांदोबा’चे जुने अंक असतील, त्यांनी ते शाळेच्या ग्रंथालयास द्यावेत. विक्रमाची वाट पाहणारी मुले येथे आजही आहेत.