खालित्य, इंद्रलुप्त आणि शेगाव तालुक्यातील गहू

जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात धारणी येथील आमच्या चिकित्सालयात केशपतनाचे जितके रुग्ण आले, तितके एरवी दोन महिन्यांतही येत नाहीत. कुणी गळालेले केस कागदाच्या पुडीत बांधून आणले होते, कुणी रुमालात. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता : "डॉक्टरसाहेब, तो टक्कल व्हायरस मेळघाटात आला का?" सातपुडा उतरून अकोट ओलांडले की शेगाव फार दूर राहत नाही, आणि वृत्तवाहिन्यांवरील चित्रे तर त्याही आधी पोहोचली होती.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांमध्ये तेव्हा जे घडत होते, ते वैद्यबंधूंच्या स्मरणात असेलच. प्रथम डोक्यास कंडू सुटे, मग केस राठ होत, आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास हात फिरवताच मुठीमुठीने केस हाती येत. बालकांपासून वृद्धांपर्यंत, स्त्रिया आणि पुरुष, एकाच घरातील अनेक जण. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ या काळात १८ गावांतील २७९ व्यक्ती बाधित झाल्याची नोंद झाली. महाविद्यालयीन मुली डोक्याला रुमाल बांधून घरात बसल्या, काहींनी शिल्लक केस स्वतःच उतरवले. विवाह ठरलेल्या घरांची अवस्था काय झाली असेल, ते सांगावयास नको.

त्या दिवसांत आमच्या हातून एक चूक झाली. ती येथे नमूद करणे आम्हास आवश्यक वाटते. त्या भागात व्यवसाय करणाऱ्या एका स्नेही वैद्यांनी दूरध्वनीवरून आमचे मत विचारले. तो प्रदेश पूर्णेच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातला. पाण्यात क्षार व नायट्रेट अधिक असल्याचे वृत्तही आले होते. आम्ही क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की पाणी बदला, रक्तप्रसादनासाठी मंजिष्ठादी काढा द्या, डोक्यास भृंगराज तेल लावा. रुग्ण काय खातात, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. त्यांनीही सांगितले नाही. दोघांच्याही डोळ्यांसमोर केवळ डोके होते, ताट नव्हते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विंचूदंशावरील संशोधनामुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. ते स्वतः त्या गावांत गेले, रुग्णांचे रक्त, मूत्र व केस तपासून घेतले आणि घरातील रेशनचा गहूही तपासावयास पाठविला. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम हे मूलद्रव्य प्रमाणाच्या कित्येक पट आढळले, जस्त कमी आढळले. आणि गव्हात सेलेनियम किलोमागे १३ ते १४ मिलिग्रॅम निघाले. गहू धुतल्याने त्यात फारसा फरक पडला नाही. हे स्वाभाविकच होय, कारण ते द्रव्य दाण्याला बाहेरून चिकटलेले नसते, पिकाने जमिनीतून शोषून दाण्यातील प्रथिनांत साठविलेले असते. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला असावा, असे डॉ. बावस्कर यांचे प्रतिपादन आहे.

वाचकांनी येथे थोडे गणित करावे. प्रौढ व्यक्तीस सेलेनियमची दैनिक गरज सुमारे ४० मायक्रोग्रॅम, आणि सुरक्षित मानलेली वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम. वऱ्हाडातील शेतमजूर दिवसाकाठी ३०० ग्रॅम कणकेच्या पोळ्या सहज खातो. म्हणजे त्याच्या पोटात रोज ४००० मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या दहापट. हे द्रव्य गुणधर्माने गंधकाचे सख्खे भावंड. केस व नखे ज्या प्रथिनाची बनतात त्यात गंधकाच्या जागी ते शिरते आणि केसाची बांधणीच मोडते. पंजाबातील नवांशहर व होशियारपूर भागातील काही जमिनी सेलेनियमयुक्त असून तेथील जनावरांचे शेपटीचे केस झडणे, खूर फाटणे हे पशुवैद्यांस पूर्वीपासून ज्ञात आहे. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी येथे १९६१ ते १९६४ या काळात माणसांचे केस व नखे याच कारणाने गळाली होती.

एप्रिल २०२५ मध्ये शेगाव परिसरातील काही रुग्णांची नखेही गळू लागली, तेव्हा आम्हास चरकाचार्यांचा धातुमलविचार आठवला. केश व नख हे अस्थिधातूचे मल. एकाच दोषाने आधी एक आणि नंतर दुसरे बिघडावे, हा क्रम आमच्या शास्त्रास अपरिचित नाही. अधिक लाजविणारी गोष्ट पुढची. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, दुसऱ्या अध्यायात, पक्वाशयात राहिलेल्या विषाने मनुष्याच्या डोक्यावरील व अंगावरील केस झडून तो पंख छाटलेल्या पक्ष्यासारखा दिसू लागतो, असे वर्णन आहे. हा श्लोक आम्ही अगदतंत्राच्या परीक्षेसाठी मुखोद्गत केला होता. त्यावर आम्हास चांगले गुणही मिळाले होते. बोंडगावची छायाचित्रे पाहताना मात्र तो आठवला नाही; प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर आठवला. एकाच वेळी अनेक भिन्न प्रकृतींची माणसे एकाच व्याधीने ग्रासली जातात तेव्हा वायू, उदक, देश, काल या समान भावांकडे पाहावे, असे चरकाचे जनपदोध्वंसनीय विमान सांगते. शेगावात गहू हा असाच समान भाव होता. वातप्रकृतीच्या सासूचे व कफप्रकृतीच्या सुनेचे केस एकाच आठवड्यात जातात, तेव्हा प्रकृतिपरीक्षण बाजूस ठेवून धान्याची कोठी उघडून पाहिली पाहिजे.

आता नित्याच्या रुग्णांकडे वळू. खालित्याची संप्राप्ती सर्वांस पाठ आहे : रोमकूपगत पित्त वातासह केस पाडते आणि मागाहून कफ व रक्त रोमकूपांचा मार्ग रोधतात, म्हणून नवा केस उगवत नाही. व्यवहारात याहून उपयोगी ठरतो तो वाग्भटाचा छोटासा भेद. इंद्रलुप्त व खलती यांची उत्पत्ती एकसारखीच, परंतु खलतीत केस क्रमाक्रमाने जातात. केस *केव्हापासून* आणि *किती वेगाने* गेले, हे विचारताच अर्धे निदान होते. (स्त्रियांना मासिक रजःप्रवृत्तीमुळे खालित्य होत नाही, असे टीकाकार म्हणतात. त्यांच्या चिकित्सालयात आमच्याइतक्या स्त्रिया येत नसाव्यात.)

रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे प्राकृत होय. ज्वर, प्रसूती, शस्त्रक्रिया, उपासमार किंवा मोठा शोक यांनंतर होणारे केशपतन बहुधा दोन ते तीन महिन्यांनी सुरू होते. रुग्ण आजचे कारण शोधत असतो, साबण बदललेला असतो, आणि कारण मात्र तीन महिन्यांपूर्वी टायफॉइड होऊन गेलेला असतो. हा केस बहुधा परत येतो, औषध दिले तरी आणि न दिले तरी. आमच्या अनेक यशस्वी तेलांचे रहस्य यातच आहे, हे आपापसांत तरी मान्य करावयास हरकत नसावी. गोल, गुळगुळीत चकती पडली तर ते इंद्रलुप्त. चकतीवर कोंडा, तुटके केस व कंडू असेल, विशेषतः बालकात, तर ते बुरशीजन्य असते. तेथे तेल चोळत बसू नये, बुरशीनाशक औषध पोटातूनच द्यावे लागते. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी व टाळूवरून हळूहळू मागे सरणारे केस हा कुलज प्रकार. त्यात आधुनिक शास्त्राचे मिनॉक्सिडिल व फिनास्टेराइड चालू असेपर्यंत उपयोगी पडतात, बंद करताच लाभ ओसरतो. फिनास्टेराइड गर्भधारणक्षम स्त्रीस वर्ज्य. आणि तीन-चार दिवसांत सर्व डोके विरळ झाले तर ती विषाची वा तीव्र औषधाची शंका. तेथे तीन महिने मागे जाऊ नये, आजचे ताट पाहावे.

मेळघाटात सर्वाधिक आढळते ते पांडुजन्य केशपतन. गेल्या वर्षी चार महिन्यांचे मूल कडेवर घेऊन एक कोरकू माता आमच्याकडे आली. प्रसूतीनंतरचे स्वाभाविक केशपतन समजून आम्ही तेल दिले. दुसऱ्या खेपेस तिचा हात सहज हातात घेतला, तर नखे चमच्यासारखी खोलगट आणि तळहात पांढराफटक. रक्तात हिमोग्लोबिन सात. मग तेल बंद केले. दीपन-पाचन, पुनर्नवा मांडूर, उपजिल्हा रुग्णालयातून लोहाच्या गोळ्या, आहारात नाचणी, शेवग्याचा पाला. चार महिन्यांनी कपाळाजवळ बारीक केसांची झालर दिसू लागली. थायरॉइडचे विकार हेही दुसरे नित्य कारण असून त्याची तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्यावी.

स्थानिक चिकित्सेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. इंद्रलुप्तात प्रच्छान करून मालत्यादी तेल, योग्य रुग्णात जलौका, खालित्यात अणुतेलाचे वा षड्बिंदू तेलाचे नस्य, आमलकी रसायन यांचा उपयोग आम्ही नित्य करतो. गुंजालेप मात्र शोधन केल्याविना वापरू नये. ते उपविष आहे, आणि गावात पोराबाळांच्या हाती बिया पडतात. त्वचा अग्निदग्धासारखी व रोमकूपरहित झाली असेल तर वाग्भटाने ते असाध्य म्हटले आहे. तेथे रुग्णास तसे स्पष्ट सांगावे.

औषधी दुकानदार बंधूंसाठी दोन शब्द. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याकडे केशतेलाची मागणी एकाएकी वाढली आणि काहींनी "टक्कल व्हायरसवर गुणकारी" अशा चिठ्ठ्याही फळीवर चिकटविल्या. औषध नियमांच्या परिशिष्ट 'जे' मध्ये टक्कल पडण्याचा समावेश आहे, हे आपणास माहीत आहेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक जीवनसत्त्वांच्या कॅप्सूलमध्ये सेलेनियम असते. अमेरिकेत २००८ साली एका पूरक आहारद्रवात ते चुकून लेबलच्या सुमारे २०० पट पडले आणि २०१ जणांना बाधा झाली. केस गळणे हे त्यांतील एक प्रमुख लक्षण होते. ज्या ग्राहकाचे केस सेलेनियमनेच गेले, त्याला आपण केसांसाठी सेलेनियमच विकू, हा प्रसंग आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. लेबल वाचून मगच डबी हाती द्यावी आणि एकाच घरातील दोघांनी केशपतनाची तक्रार केली तर त्यांस वैद्याकडे पाठवावे.

या विषावर आमच्याकडे वा आधुनिक शास्त्राकडे खात्रीचा उतारा नाही. ते धान्य बंद करणे, हीच चिकित्सा. तो गहू सोडल्यावर पुष्कळांचे केस काही आठवड्यांत पुन्हा दिसू लागले. स्नेही वैद्यांना आम्ही फेब्रुवारीत पुन्हा दूरध्वनी केला. त्यांनी काढा बंद केला होता आणि घरोघरी ज्वारीची भाकरी सुरू करावयास सांगितले होते. त्यांच्या घरीही तोच गहू होता.

आमच्या रुग्णपत्रिकेत आहाराच्या रकान्याखाली आता एक ओळ वाढविली आहे : धान्य घरचे, बाजारचे की रेशनचे, आणि पोते केव्हा उघडले.