टाकळा : ओळख, काढणी आणि उपयोग

मृगाच्या सरी कोसळल्यानंतर थोड्याच दिवसांत पडीक जमिनीवर, बांधावर व रस्त्याच्या कडेला जी रोपे दाटीने उगवतात, त्यांत टाकळ्याचे स्थान पहिले होय. कोकणात टाकळा, विदर्भात तरोटा, गोव्यात तायकिळो, अशी त्याची नावे आहेत. संस्कृत निघंटूंत त्यास चक्रमर्द व दद्रुघ्न म्हटले आहे. दद्रू म्हणजे गजकर्ण. त्वचेच्या या विकारावर बियांचा लेप लावण्याची जुनी प्रथा दुसऱ्या नावात जतन झाली आहे. पेरल्यावाचून येणारी व विकत न घेता मिळणारी ही भाजी पावसाळ्याच्या आरंभी, मळ्यातील भाज्या दुर्मिळ असताना, गोरगरिबांच्या ताटात आजवर पडत आली आहे. अलीकडे शहरांतील बाजारांतही रानभाज्यांना मागणी वाढली आहे. अशा वेळी ती ओळखण्याचे ज्ञान भाजीबरोबरच शहरात पोचणे अगत्याचे आहे. कारण टाकळ्याचा एक निकटचा आप्त विषारी आहे.

लिनीअसने १७५३ साली या वनस्पतीचे वर्णन 'कॅसिया टोरा' या नावाने केले. कॅसिया ही प्रजाती फार विस्तृत असल्यामुळे अर्विन व बार्नबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये तिची फेरमांडणी केली, व तेव्हापासून 'सेना टोरा' हे नाव सर्वत्र रूढ झाले. त्याच सेना प्रजातीत 'सेना ऑक्सिडेंटॅलिस' ही दुसरी जाती मोडते. ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. परंतु आपल्याकडे उकिरड्याच्या आसपास व ओसाड जागी तिने चांगलेच मूळ धरले आहे. मराठीत तिला कासविंदा म्हणतात, आणि कित्येक ठिकाणी रानटाकळाही म्हणतात. हे दुसरे नावच घोटाळ्याचे मूळ ठरू शकते. टाकळा मुळातच रानात येणारा. तेव्हा 'रानटाकळा' म्हणजे टाकळाच, असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे.

या घोटाळ्याचे परिणाम किती भयंकर होऊ शकतात, याची साक्ष दोन प्रदेशांनी दिली आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात हिवाळ्याच्या सुमारास लहान मुलांना एकाएकी एक प्राणघातक आजार होत असे. तो प्रथम मेंदूज्वर समजला जाई. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी जोडला. यकृत, स्नायू व मेंदू या तिहींवर एकाच वेळी आघात होतो, असे दिसून आले. पुढे २०१६ मध्ये ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात शंभराहून अधिक बालके दगावली. त्यांतील काही मृत्यू जपानी मेंदूज्वराने झाले होते. परंतु तज्ज्ञ समितीने इतर अनेक मृत्यूंचा संबंध 'बण चाकुंडा' या वनस्पतीच्या बियांशी लावला. ओडियात चाकुंडा म्हणजे टाकळा, आणि बण चाकुंडा म्हणजे कासविंदा. रानटाकळा या मराठी नावाचाच हा जणू ओडिया अवतार होय.

म्हणून नावावर विसंबू नये, वनस्पतीची लक्षणे पाहावीत. भाजी फुलोऱ्यापूर्वीच काढावयाची असल्याने पानांवरून ओळख पटणे महत्त्वाचे. टाकळ्याचे पान संयुक्त असून त्यावर सामान्यतः पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. पर्णिका देठाकडे निमुळती व टोकाकडे रुंद असते आणि तिचे टोक गोलसर असते. कासविंद्यावर बहुधा चार ते सहा जोड्या असतात. त्याची पर्णिका बुडाशी रुंद असून टोकास स्पष्टपणे अणकुचीदार होते. सर्वांत खात्रीची खूण म्हणजे ग्रंथींची जागा. टाकळ्यात खालच्या पर्णिका-जोड्यांच्या मध्ये, दोन पर्णिका जेथे समोरासमोर जुळतात तेथे, बारीक काडीसारखी ग्रंथी उभी असते. कासविंद्यात पर्णिकांच्या मध्ये ग्रंथी नसते. पानाचा देठ खोडास जेथे जोडलेला असतो त्याच्या लगत वर एक वाटोळी ग्रंथी दिसते. पान डोळ्यांजवळ धरल्यास ही खूण भिंगावाचूनही दिसते. वास मात्र निकष मानू नये, कारण दोहोंची पाने चुरडली असता उग्र दर्प येतो. रात्री पर्णिका मिटणे हेही दोहोंत समान आहे.

पावसाळा सरता सरता शेंगा धरल्या की भेद अधिक ठळक होतो. टाकळ्याची शेंग दहा ते वीस सेंटिमीटर लांब, सडपातळ व विळ्यासारखी वाकलेली असते. तिच्यातील बी कोनयुक्त, जणू तिरपा कापलेला खडा. कासविंद्याची शेंग त्याहून आखूड, चपटी व रुंद असून तिच्या कडा फिकट, मधला पट्टा गडद असतो. बीही चपटे व गोलट असते.

काढणी पहिल्या पावसानंतरच्या काही आठवड्यांत करावी. वीतभर उंचीच्या आतील रोपे वा शेंड्याची कोवळी पाने घ्यावीत. फुले येऊ लागली की पान चरबट होते. वर्दळीच्या रस्त्यालगतची, सांडपाण्याकाठची अथवा तणनाशक फवारलेल्या शेतातील पाने टाळावीत. टाकळ्यावर पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या पोसतात व पानाच्या रंगात त्या सहज लपतात; म्हणून प्रत्येक पान उलटून निवडावे व दोन-तीन पाण्यांतून धुवावे.

स्वयंपाकात पाने बारीक चिरून कांदा, लसूण व हिरवी मिरची यांच्या फोडणीवर परतावयाची, भिजवलेली चण्याची डाळ वा फणसाच्या आठळ्या घालून शिजवावयाची, आणि वरून ओले खोबरे पेरावयाचे, ही कोकण-गोव्याकडील नित्याची रीत. शिजल्यावर दर्प बराचसा नाहीसा होतो. या वनस्पतीत अँथ्राक्विनोन वर्गातील द्रव्ये असल्याने ती सारक आहे. यास्तव भाजी पूर्ण शिजवूनच व बेताने खावी. बिया भाजून त्यांची पूड कॉफीऐवजी वापरतात. त्यांतील डिंकाला उद्योगधंद्यांतही मागणी असते. तथापि बियांच्या अवस्थेतच ओळखीतील चूक जीवावर बेतते. म्हणून घरगुती उपयोगासाठी पाल्यावर थांबणे शहाणपणाचे होय.

पाला तोडणारी माणसे बहुधा जाणती असतात. शेंगा तोडतात ती खेळता खेळता मुले. टाकळ्याचा पाला घरी येईल त्या दिवशीच मुलांना दोन्ही झाडे शेजारी ठेवून दाखवावीत, आणि शेंगा कोणत्याही झाडाच्या असोत, त्या तोंडात घालावयाच्या नाहीत, एवढा नियम त्यांच्या मनावर बिंबवावा. रानभाजीचे ज्ञान पिढ्यानपिढ्या हातोहात चालत आले ते असेच. काय खावे हे जितक्या आवडीने सांगितले जाते, तितक्याच आवर्जून काय वर्ज्य करावे हेही सांगितले गेले, तरच ते ज्ञान पूर्ण म्हणावयाचे.