वीतभर विमानाची चकाकी

15 मीटर लांबीचे विमान 72 पटींनी लहान केले की त्याची वीतभर प्रतिकृती होते. आकार असा लहान करता येतो. प्रकाश मात्र लहान होत नाही. खऱ्या विमानाची चकाकी जशीच्या तशी या वीतभर वस्तूवर आणली, तर ती तत्काळ खेळण्यासारखी दिसू लागते. कित्येक आठवडे खपून जोडलेले काम रंगाच्या शेवटच्या हाताने तरते किंवा बिघडते, ते यामुळेच.

चकाकी ही मुळी रंगाची नव्हे, पृष्ठभागाची. अॅक्रिलिक रंगात रंगद्रव्याचे कण पारदर्शक राळेत धरलेले असतात. राळ भरपूर असली की वाळलेला थर गुळगुळीत बसतो आणि प्रकाश एकाच दिशेने परततो. त्यात सिलिकाची सूक्ष्म पूड मिसळली, तर द्रव उडून थर आकसताना हे कण वर डोकावतात आणि त्या उंचसखल भागावरून प्रकाश चोहीकडे विखुरतो. पावसात काळाभोर दिसणारा कातळ वाळल्यावर फिकट पडतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून चकाकी उतरली की गडद रंगही किंचित फिका भासतो.

जपानच्या टामिया कंपनीचा ‘एक्स-21 फ्लॅट बेस’ हा याच कामाचा पदार्थ. त्याच्या नावाने मात्र पुष्कळांची फसगत होते. कोणी त्याला अस्तर समजतो, तर कोणी रोगण म्हणून नुसताच वरून फासतो. मग साऱ्या विमानावर पिठूळ पांढरी बुरशी चढल्यासारखे दिसते. तो चकाकत्या रंगात, आणि तोही बेताने, मिसळावयाचा असतो. तळाशी बसलेला साका आधी नीट ढवळावा, थेंब मोजावेत, प्रमाण टिपून ठेवावे. ओला रंग नेहमीच चकाकतो; तेव्हा एखाद्या जुन्या प्लास्टिकच्या चमच्यावर हात देऊन, वाळल्यानंतरच निवाडा करावा.

उलट दिशेने जाता येते, पण थोडे सावकाश. मंद रंगात पारदर्शक चकाकते रोगण घातले की राळ वाढते. मात्र रंगद्रव्य विरळ होऊन हात वाढवावे लागतात.

पाण्यात सोडवून चिकटवावयाची चिन्हे खडबडीत थरावर लावली, तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. यास्तव आधी चकाकी, मग चिन्हे आणि अखेर मंद रोगण, हा क्रम बरा. तेही सरसकट नको: टायर निस्तेज असावेत, वैमानिकापुढील काच मात्र लखलखीतच राहू द्यावी.