समावेशक वर्गातील अध्यापन: पाठ तोच, वाट वेगळी

समावेशक शिक्षण म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलांना नेहमीच्या शाळेत प्रवेश देणे, अशी व्याख्या अनेक उत्तरपत्रिकांत वाचायला मिळते. ती अपुरी आहे. प्रवेश मिळालेल्या मुलाला फळ्यावरचे दिसत नसेल किंवा शिक्षकांचे बोलणे त्याच्यापर्यंत पोचत नसेल, तर तो वर्गात आहे, पण पाठात नाही. म्हणून या घटकात आपण प्रवेशानंतरच्या प्रश्नाकडे वळू. वर्ग सर्वांचा असेल, तर शिक्षकाने शिकवण्यात काय बदलायचे आणि काय मुळीच बदलायचे नाही?

आधी थोडी पार्श्वभूमी. केंद्र सरकारने १९७४ मध्ये अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. एकात्म शिक्षणात मुलाने शाळेशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा असे. समावेशक शिक्षणात शाळेने मुलाशी जुळवून घ्यायचे असते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली आणि त्यानंतर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकारांची संख्या २१ झाली. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया यांसारख्या स्थिती त्यात आल्या. ('दिव्यांग' हा शब्द आता सरकारी व्यवहारात रुळला आहे, मात्र अपंग हक्क चळवळीतील अनेकांना तो मान्य नाही, हेही ठाऊक असू द्या.) या कायद्यातील समावेशक शिक्षणाच्या व्याख्येचे दोन भाग आहेत. अपंगत्व असलेले आणि नसलेले विद्यार्थी एकत्र शिकतात, हा पहिला. अध्ययन-अध्यापनाची पद्धत त्यांच्या गरजांनुसार योग्य प्रकारे बदललेली असते, हा दुसरा. परीक्षेत पहिला भाग सगळे लिहितात. वर्ग मात्र दुसऱ्या भागावर चालतो.

उद्दिष्ट आणि साधन

कोणताही पाठ घ्या आणि स्वतःला विचारा, यातून विद्यार्थ्याने नेमके काय शिकायचे आहे? समजा, भूगोलाच्या तासाला पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवायचा आहे. शिक्षक फळ्यावर सह्याद्रीचा छेद काढतात, पश्चिमेकडून येणारे बाण दाखवतात आणि 'इकडे पाहा' म्हणतात. अंध विद्यार्थिनीसाठी पाठ तिथेच संपतो. पण उद्दिष्ट फळ्यावरची आकृती हे नव्हतेच. बाष्पयुक्त वारे डोंगर चढताना थंड होतात, पाऊस पश्चिम उतारावर पडतो आणि पलीकडे कमी होतो, हे समजणे हे उद्दिष्ट होते. मातीचा किंवा कणकेचा एक लांबट उंचवटा करा, पश्चिमेकडे चढ तीव्र आणि पूर्वेकडे उतार मंद ठेवा, आणि तिचा हात त्यावरून फिरवत तेच सांगा. उद्दिष्ट तसेच राहिले, साधन बदलले. आणि असा अनुभव आहे की तो उंचवटा हाताळायला वर्गातली इतर मुलेही पुढे सरसावतात.

भूमितीचेही तसेच. शिंपी कापडावर खुणा करायला जे दातेरी चाक वापरतात, ते घ्या. रबरी चटईवर जाड कागद ठेवून चाकाने त्रिकोण काढला, की मागच्या बाजूला टिंबांची उंचवट्याची रेषा उठते. लक्षात ठेवायचे एवढेच की कागद उलटल्यावर आकृतीची डावी-उजवी बाजू बदलते, म्हणून आकृती आरशातल्यासारखी काढायची.

हे इतक्या बारकाईने सांगण्याचे कारण आहे. सोय करण्यापेक्षा सूट देणे सोपे असते. 'तिला आकृत्या नकोत', 'त्याने गणिताऐवजी दुसरा विषय घ्यावा' हे शब्द प्रेमाने उच्चारले जातात आणि आठवी-नववीतच एखाद्याची पुढची दारे बंद करतात. आंध्र प्रदेशातील मछलीपट्टणमजवळच्या खेड्यात जन्मलेले अंध उद्योजक श्रीकांत बोल्ला यांना दहावीनंतर विज्ञान शाखा नाकारण्यात आली होती. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, विज्ञान घेतले, बारावीला ९८ टक्के गुण मिळवले आणि पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकले. त्यांची जिद्द मोठीच; पण विज्ञान शिकण्यासाठी आधी खटला लढावा लागणे ही व्यवस्थेची गोष्ट आहे, जिद्दीची नव्हे. अशा कथांकडे पाहताना तुमचे लक्ष त्या व्यवस्थेवर राहू द्या.

कायद्यात यासाठी 'वाजवी सोय' ही संकल्पना आहे. संस्थेवर अवाजवी भार न टाकता केलेला आवश्यक आणि योग्य बदल, असा तिचा आशय आहे. त्याच कायद्यात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूदही आहे. माझ्या मते सूट हा शेवटचा उपाय असावा. आधी साधन बदलून पाहिले का, हे विचारल्याशिवाय ती देऊ नये.

डोळे एकच, कामे दोन

कर्णबधिर विद्यार्थ्यांबाबत एक समज फार पक्का आहे: श्रवणयंत्र लावले की ऐकू येते, आणि नाही आले तर ओठ वाचता येतात. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण पंख्याची घरघर आणि बाकांची सरकासरकही मोठी करते. शिक्षक जितके दूर, तितके बोलणे त्या गोंगाटात बुडते. ओठवाचनाचे म्हणाल तर आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: पार, बार, भार, मार. चारही शब्दांना ओठ सारखेच मिटतात. क, ख, ग तर घशाजवळ उच्चारले जातात, ते बाहेरून दिसतही नाहीत. म्हणजे ओठ वाचणारा विद्यार्थी बराचसा अर्थ संदर्भावरून जुळवत असतो. आजचा विषय कोणता हेच त्याला माहीत नसेल, तर जुळवायचे कशावरून? म्हणून तासाच्या सुरुवातीला विषय आणि नवे शब्द फळ्यावर लिहिणे ही छोटी वाटणारी गोष्ट त्याच्यासाठी निर्णायक ठरते.

फळ्याकडे तोंड करून बोलू नये, हे सर्वांना पाठ असते. पण आणखी एक गोष्ट सहसा सुटते. ऐकणारा विद्यार्थी कानाने ऐकतो आणि डोळे वहीवर ठेवून लिहितो. कर्णबधिर विद्यार्थ्याचे डोळे दुभाष्याच्या हातांवर किंवा शिक्षकांच्या ओठांवर असतात. टिपणे लिहायला मान खाली घातली की बोलणे तुटते. त्यामुळे टिपणे आधी द्यावी लागतात. ही मेहेरबानी नव्हे, त्याच्या बाबतीत डोळ्यांनाच कानांचे काम करावे लागते म्हणून. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, ती मराठीचे किंवा हिंदीचे हातांनी केलेले भाषांतर नाही, हेही येथे नोंदवून ठेवा. तिच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये दिल्लीत स्वतंत्र केंद्र स्थापन केले.

न दिसणारी अडचण

चाकाची खुर्ची दिसते, पांढरी काठी दिसते. डिस्लेक्सिया दिसत नाही, म्हणून त्याची गणना आळसात होते. शिवाय त्याविषयीची बहुतेक उदाहरणे इंग्रजीतील असतात, म्हणून आपण देवनागरीकडे पाहू. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्यांत फरक एखाद्या रेघेचा. 'कि' मध्ये वेलांटी डावीकडे लिहिली जाते, उच्चार मात्र क नंतर होतो. आणि र पाहा: गर्व, ग्रह, राष्ट्र, दुसऱ्या. ध्वनी एकच, पण चार शब्दांत त्याची चार रूपे, कधी अक्षराच्या डोक्यावर तर कधी पायाशी. ज्याला ध्वनी आणि खूण यांची सांगड घालणेच जड जाते, त्याच्यासाठी 'शुद्धलेखन दहा वेळा लिहा' ही शिक्षा आहे, उपचार नाही. (भारती ब्रेलमध्ये वेलांटी व्यंजनानंतरच येते. या बाबतीत ब्रेल आपल्या छापील लिपीपेक्षा सरळ आहे!)

अशा विद्यार्थ्याला इतिहास कळतो का हे पाहायचे असेल, तर तोंडी विचारा, ध्वनिमुद्रण ऐकू द्या, ऱ्हस्व-दीर्घाचे गुण इतिहासात कापू नका. भाषेच्या तासाला मात्र लेखन हेच उद्दिष्ट असू शकते. तिथे ते टप्प्याटप्प्याने शिकवावेच लागेल. उद्दिष्ट कोणते, हा पहिला प्रश्न म्हणूनच पुन्हा पुन्हा विचारायचा.

बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांबाबत हा नियम जसाच्या तसा चालत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तेथे उद्दिष्टही बदलावे लागू शकते. वर्ग शेकडा नफा-तोटा शिकत असताना त्याच दुकानाच्या खेळात एक विद्यार्थी नोटा ओळखणे आणि सुटे परत घेणे शिकेल. त्यासाठी पालक व विशेष शिक्षक यांच्यासह वैयक्तिक शिक्षण योजना तयार करतात. मात्र तो खेळाच्या बाहेर कोपऱ्यात चित्रे रंगवत बसणार नाही, एवढी काळजी वर्गशिक्षकाची. विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर १० विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे १५ मागे एक असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. आज अनेक शाळांत विशेष शिक्षक आठवड्यातून एखादा दिवस फिरतीवर येतात. उरलेले दिवस तुमचेच असतात.

परीक्षा

लेखनिक आणि जादा वेळ याबद्दल वर्गमित्रांमध्ये कुरबूर असते: 'त्याला वेळ जास्त, मग स्पर्धा समान कशी?' केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार भरपाईचा वेळ ताशी किमान २० मिनिटे, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास. त्या तासात काय घडते ते पाहा. विद्यार्थी उत्तर मनात रचतो, सांगतो, लेखनिक लिहितो, विद्यार्थी ते पुन्हा वाचून घेतो. गणितात तर 'अ अधिक ब भागिले क' एवढे म्हटले, तरी भागाकार फक्त ब चा की पूर्ण बेरजेचा, हे लेखनिकाला कळत नाही. कंस उच्चारून सांगावा लागतो. हे कौशल्य सरावाने येते आणि तो सराव परीक्षेच्या सकाळी होत नसतो. वर्षभराच्या चाचण्यांतही लेखनिक हवा.

लेखनिक फक्त ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्यांनाच, असा आग्रह संस्था अनेकदा धरत. लिहिताना हात आकसण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो अमान्य केला. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. वाजवी सोय ही प्रत्येक अपंग व्यक्तीचा हक्क आहे, अशी त्या निकालाची भूमिका होती. तुमच्यापैकी कोणाला हे स्वतःला लागू असेल, तर महाविद्यालयाकडे लेखी अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच करा आणि त्याची पोच घ्या. उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखीव असतात, पण जागा मिळाल्यानंतरच्या सोयी बहुधा मागितल्याशिवाय पोचत नाहीत.

स्वाध्याय

तुमच्या विषयाच्या पाठ्यपुस्तकातील एक आकृती असलेले पान निवडा. त्या पानाचे उद्दिष्ट एका वाक्यात लिहा. वाक्यात 'पाहून' हा शब्द येता कामा नये. मग डोळे मिटलेल्या मित्राला ते पान केवळ शब्दांनी आणि घरातल्या वस्तूंनी समजावून द्या, आणि त्याने उलट विचारलेले प्रश्न टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी तेच पान दुसऱ्या मित्राला आवाज न काढता शिकवा. दोन्ही वेळी तुम्ही कुठे अडलात, ती जागा पानावर पेन्सिलने खूण करून तासाला घेऊन या.